सापाच्या टाकीसाठी टू-इन-वन कंट्रोलर: गरमीत पास, दमटपणात नापास

आठ महिने वापरून झाल्यावर लिहितोय, पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती आरती ओवाळली असती. वस्तू म्हणजे एकाच डब्यात थर्मोस्टॅट आणि ह्युमिडिटी कंट्रोलर, दोन सॉकेट, एकात हीटर लावायचा, दुसऱ्यात फॉगर (म्हणजे धुकं सोडणारं यंत्र), आणि गरमी-दमटपणा दोन्ही मोजायला वायरच्या टोकाला एकच प्रोब. हा "एकच" शब्द लक्षात ठेवा, सगळी रडकथा तिथेच आहे.

आमच्याकडे बॉल पायथन आहे, नाव गोळू. त्याला ऊब घ्यायच्या जागी 31 ते 33 डिग्री लागते, थंड बाजूला 25-26, आणि ह्युमिडिटी साधारण 60 टक्के, कात टाकायच्या दिवसांत त्याहून थोडी जास्त. हा डबा घेतला कारण त्याआधी थंडीत हीटर सतत चालून टाकीतली हवा एकदम कोरडी पडली आणि गोळूची कात तुकड्या तुकड्यांनी निघाली, शेपटीच्या टोकाला कडक बांगडीसारखी अडकून राहिली आणि एका डोळ्यावरची कातीची पारदर्शक चकतीही तशीच, ती चिमट्याने ओढायचा मोह झाला होता पण ओढायची नसते हो, डोळ्याला इजा होते.

आधी चांगलं सांगतो. थर्मोस्टॅट म्हणून डबा खरंच चोख आहे. 32 ला सेट केलं की 31 ते 33 मध्येच फिरतो, लाईट जाऊन आली तरी सेटिंग विसरत नाही. ऑन-ऑफ टाईप आहे त्यामुळे सिरॅमिक हीटर किंवा हीट मॅटला ठीक, पण उजेडाचा बल्ब लावणार असाल तर नको, तो दिवसभर चालू-बंद होत राहतो, त्याला डिमिंगवाला थर्मोस्टॅट लागतो. रात्री रिलेचा (आतल्या चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) टक-टक आवाज येतो, त्याची सवय होते.

प्रोब चिकटवायला मात्र रबरी व्हॅक्यूम कप दिलाय, तो म्हणजे चेष्टा. साप काचेला घासत फिरतो हे बनवणाऱ्याला माहीतच नसावं. दुसऱ्या महिन्यात गोळूने प्रोब उखडून पाण्याच्या भांड्यात पाडला, डबा बिचारा पाण्याचं 26 टेम्परेचर वाचत बसला आणि हीटर थांबेचना, मी सकाळी टेम्परेचर गन मारली तर गरम बाजूची फरशी 41! नशीब थंड बाजूचा लपायचा डबा होता, गोळू त्यात वेटोळं करून बसलेला. तेव्हापासून प्रोब वायर-क्लिपने जाळीला पक्का बांधलाय. टेप लावू नका, कुठलीच नको, आतमध्ये टेप सुटली की सापाच्या खवल्यांना चिकटते आणि मग तेल लावून लावून सोडवत बसावं लागतं.

आता ह्युमिडिटी. प्रोब गरम बाजूला ठेवला, कारण हीटर तिथे आहे. गरम हवेत वाफ जास्त मावते, त्यामुळे तीच हवा गरम बाजूला 45 टक्के दाखवते आणि थंड बाजूला 65. डब्याला 60 सांगून ठेवलेले, मग तो फॉगर सोडतोय सोडतोय सोडतोय, थंड बाजूला तळाशी पसरलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) चिखल झाला, काचेवरून पाणी ओघळायला लागलं, आणि पंधरा दिवसांनी गोळूला उचलला तर पोटाच्या खवल्यांवर तांबूस डाग. सापांचं कळणाऱ्या डॉक्टरांना दाखवलं, स्केल रॉटची, म्हणजे ओलाव्याने खवले कुजायची सुरुवात होती, वेळेत कळलं म्हणून थोडक्यात निभावलं. प्रोब थंड बाजूला हलवला तर हीटर कुणाच्या भरवशावर चालवायचा? एका प्रोबने हे जमतच नाही, सेटिंग कितीही बदला.

वर आकडाही चुकीचा निघाला. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चार थेंब पाणी घालून ओला लगदा केला, प्रोबसकट झिप पिशवीत बंद करून एक दिवस ठेवला. अशात 75 यायला पाहिजे, आले 82. टेम्परेचरची चूक मेनूतून सुधारता येते, ह्युमिडिटीची येत नाही, का ते देव जाणे. सहाव्या महिन्यात तर धुकं बसून बसून सेन्सर 99 वरच अडकला. विक्रेत्याला विचारलं नुसता प्रोब मिळेल का, तर म्हणे नाही, पूर्ण डबा घ्या.

शेवटी काम झालं ते जवळपास फुकटात. जाळीचं झाकण हीटरची जागा सोडून दोन-तृतीयांश अॅल्युमिनियम फॉईलने झाकलं, कोकोपीट चांगला चार बोटं जाड केला, आणि वरून फवारायच्या ऐवजी कोपऱ्यांतून पाणी ओतलं, म्हणजे खालचा थर ओला, वरचा कोरडा, सापाचं पोट कोरडं. (हीट मॅट खाली असेल तर एवढा जाड थर घालू नका, ऊब वर येत नाही.) एका लपायच्या डब्यात ओलं मॉस (शेवाळ) ठेवलं. दोन साधे डिजिटल मीटर दोन टोकांना लावले, काट्याचे नकोत, ते मनाला येईल ते दाखवतात. फॉगर बंद. पुढच्या वेळी गोळूचे डोळे दुधाळ निळे झाले, मग निवळले, आणि काही दिवसांनी सकाळी अख्खी कात मॉसच्या डब्याजवळ पडलेली, मोजा उलटा काढावा तशी, डोळ्यांच्या दोन्ही चकत्यांसकट. मी ती उजेडात धरून दोनदा तपासली, बायको म्हणाली आता फ्रेम करा.

तर नुसता थर्मोस्टॅट हवा असेल तर घ्या, पाचपैकी चार. दमटपणासाठी घेणार असाल तर एकही नाही. माझा डबा अजून चालू आहे, हीटर व्यवस्थित सांभाळतो, दुसरं सॉकेट रिकामं आणि स्क्रीनवर कायमचं 99.