पेशींतील रेडॉक्स समतोल पाहायचा, तर डीसीएफडीए घ्यावा की आरओजीएफपी२?

नवी मुंबईत खारघर, बेलापूर, नेरूळ या पट्ट्यात कर्करोगाच्या पेशींवर काम करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि औषध दिल्यावर पेशीतील ऑक्सिडीकरण वाढते का, म्हणजे ऑक्सिडीकरण आणि त्याच्या उलट क्रिया असलेले क्षपण यांचा (रेडॉक्स) समतोल ढळतो का, हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांच्या प्रबंधात कुठेतरी येतोच. तो आला की निवड बहुधा दोहोंत असते : पेशींवर घालायचा, ऑक्सिडीकरण झाले की चमकणारा डीसीएफडीए हा डाय, किंवा पेशीकडूनच तयार करून घ्यायचे, रेडॉक्स स्थितीनुसार चमक बदलणारे आरओजीएफपी२ हे प्रथिन. मी दोन्ही वापरले आहेत आणि आता दुसऱ्याकडे वळलो आहे. तरीही पहिल्याची बाजू आधी मांडणे योग्य होईल.

डीसीएफडीएची सोय नाकारता येत नाही. सकाळी पेशींवर घालावा, अर्ध्या तासाने धुवावा, आणि दुपारपर्यंत फ्लो सायटोमीटरवरचे (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडे हाती येतात. पेशीत जनुक घालावे लागत नसल्यामुळे रुग्णाच्या रक्तातून नुकत्याच वेगळ्या केलेल्या, प्रयोगशाळेत फार दिवस न टिकणाऱ्या पेशींवरही तो चालतो. एम.एस्सी.च्या एका सत्राच्या प्रकल्पासाठी कोणी त्याची निवड केली, तर मी त्याला अडवणार नाही.

मला मात्र एका गोष्टीने सतत त्रास दिला. ज्या निळ्या प्रकाशात या डायची चमक पाहायची, त्याच प्रकाशाने ती वाढते. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच जागेची ठरावीक अंतराने चित्रे घेऊ लागलो की औषध न दिलेल्या कंट्रोल पेशीही चित्रागणिक उजळत जात, आणि त्यातली औषधाने झालेली वाढ कोणती व आपण पाहिल्यामुळे झालेली कोणती, हे खात्रीने सांगता येत नसे. प्रकाशाची तीव्रता उतरवली, दोन चित्रांतील अंतर वाढवले, खोलीतले दिवे मालवले. त्याने फरक पडला, पण कंट्रोल पूर्ण स्थिर राहिला असे माझ्या अनुभवात झाले नाही. कारण रसायनातच आहे. पेशीत गेल्यावर या डायपासून डीसीएफएच होतो, आणि त्याचे ऑक्सिडीकरण झाले की चमकणारा डीसीएफ; पण डीसीएफएच हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट फारशी अभिक्रिया करत नाही. त्याला लोह, सायटोक्रोम सी हे प्रथिन किंवा एखादे पेरॉक्सिडेज विकर लागते, आणि मधल्या पायरीवर तयार होणारे मूलक ऑक्सिजनशी संयोग पावून सुपरऑक्साइड हे ऑक्सिडीकरण करणारे रूप निर्माण करते, म्हणजे जे मोजायचे त्यात मोजमापाचे साधनच भर घालते. मरणाऱ्या पेशीत मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडल्यानेही चमक वाढते. तेव्हा ती वाढ ऑक्सिडीकरणामुळे झाली की पेशी मरू लागल्यामुळे, हे केवळ आकड्यावरून ठरवणे अवघड असते. शिवाय डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगावरचे औषध स्वतःच चमकते, त्यामुळे त्याच्या प्रयोगात आणखी एक गुंता वाढतो.

आरओजीएफपी२ मध्ये हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या 147 आणि 204 या स्थानांवर सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल बसवलेले आहे. ऑक्सिडीकरणाने त्या दोन सिस्टीनांत डायसल्फाइड बंध झाला की 405 नॅनोमीटरने उद्दीपित होणारी चमक वाढते आणि 488 ची घटते. दोन्हींचे गुणोत्तर घेतल्यामुळे एखाद्या पेशीत प्रथिन कमी असले, दुसरीत जास्त असले, तरी तुलना बिघडत नाही. रॉजर चेन आणि जेम्स रेमिंग्टन यांच्या गटांनी 2004 मध्ये हे प्रथिन पुढे आणले. 2008 मध्ये हायडेलबर्गच्या गटाने त्याला ग्लुटारेडॉक्सिन हे विकर जोडले, आणि तेव्हापासून ते ग्लुटाथिओन या पेशीतील मुख्य ऑक्सिडीकरणरोधक रेणूच्या स्थितीशी नेमके बांधले गेले.

माझ्या दृष्टीने त्याचा खरा गुण असा, की हा बदल उलटतो. डीसीएफ एकदा चमकला की चमकलेलाच राहतो, तर इथे पेरॉक्साइड दिल्यावर गुणोत्तर चढते आणि थोड्या वेळाने खाली येऊ लागते. ते खाली येते एनएडीपीएच या क्षपण करणाऱ्या रेणूच्या बळावर, म्हणून माध्यमातील ग्लुकोज काढले की उतरण मंदावते. सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाला दाद न देणाऱ्या पेशींत मला चढ जवळजवळ साध्या पेशींइतकाच दिसला, उतरण मात्र झपाट्याची होती. आजाराचा धागा अनेकदा या उतरणीतच असतो, असे मला वाटू लागले आहे. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कीप१ हे आवर घालणारे प्रथिन बिघडल्याने एनआरएफ२ हा बचावाची जनुके चालवणारा घटक कायम जागा राहतो आणि पेशीला ग्लुटाथिओन व एनएडीपीएच मुबलक मिळतात. उलट एनएडीपीएच तयार करणाऱ्या जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसाला प्रायमाक्विन हे हिवतापाचे औषध दिले, तर तांबड्या पेशींना पूर्वस्थितीवर यायला एनएडीपीएच पुरत नाही आणि त्या फुटतात. केवळ चढ दाखवणाऱ्या साधनाला यातला अर्धा भाग दिसतच नाही. क्षयाच्या जंतूत ग्लुटाथिओनऐवजी मायकोथिओल असते, म्हणून संशोधक अमित सिंग यांच्या गटाने 2014 मध्ये, ग्लुटारेडॉक्सिनऐवजी मायकोथिओलशी जुळणारे मायकोरेडॉक्सिन जोडलेला आरओजीएफपी२ तयार केला, आणि त्यामुळे यजमान पेशीत शिरलेल्या जंतूचीच रेडॉक्स स्थिती पाहता येऊ लागली. डायकडून हे काम होण्याची मला आशा वाटत नाही.

याच्या अडचणीही आहेत. जनुक घालणे, निवड करणे आणि स्थिर पेशी मिळवणे यात आठवडे जातात, आणि काही पेशी दाद देतच नाहीत. 405 चा लेझर नसलेल्या सायटोमीटरवर गुणोत्तर काढता येत नाही, म्हणून प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनए) मागवण्याआधी यंत्राची चौकशी करावी. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये ऑक्सिडीकरण इतके असते की आरओजीएफपी२ आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत झालेला असतो. तिथे वेगळे प्रकार घ्यावे लागतात. दर वेळी डायमाइड (पूर्ण ऑक्सिडीकरणासाठी) आणि डीटीटी (पूर्ण क्षपणासाठी) देऊन वरची व खालची मर्यादा आखून घेणे मी टाळत नाही, कारण त्याविना गुणोत्तराला अर्थ उरत नाही.

सामायिक कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची वेळ सोयीची मिळत नसेल, तर एन-इथिलमॅलिमाइडने थिओल (सिस्टीनवरचे गंधकाचे) गट बांधून त्या क्षणाची स्थिती पक्की करता येते. पेशी फिक्स करून दुसऱ्या दिवशी पाहिल्या, तरी माझे गुणोत्तर फारसे हललेले मला आढळले नाही.