ओबीडी डोंगल, हातातला स्कॅनर की कोडिंगचं यंत्र?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की सर्व्हिस सेंटर गाठायचं, नाहीतर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीने नोंदवलेले दोष वाचायच्या) सॉकेटला स्वतःच हात घालायचा. स्वतः करणार असाल तर आधी एवढं ठरवा: गाडी काय म्हणतेय ते वाचायचंय, की तिच्यात काही बदलायचंय?

वाचायला ईएलएम३२७ चिपच्या जातीचा, सॉकेटमध्ये खोचायचा छोटा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलमधलं अॅप पुरतं. माझी पेट्रोल गाडी सिग्नलला थरथरायला लागली तेव्हा याच डोंगलने पी०३०१ हा दोषाचा कोड दाखवला, म्हणजे एक नंबर सिलिंडर मिसफायर, त्यातलं इंधन नीट पेटत नाही. एक आणि तीनच्या इग्निशन कॉइल (ठिणगीला वीज पुरवणाऱ्या) अदलाबदल केल्या, कोड पुसला, कॉलनीला दोन चकरा मारल्या. आता पी०३०३! दोष कॉइलबरोबर सरकला. नवी एकच कॉइल घेतली, काम फत्ते. फक्त कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. दोष आला तेव्हाचा आरपीएम, तापमान त्यात असतं आणि कोडबरोबर तेही पुसलं जातं.

स्वस्त डोंगलची रडगाणीही आहेत. 'आवृत्ती १.५' म्हणून विकतात ती मूळ ईएलएम कंपनीने कधी काढलीच नाही, सगळे नकली. आयफोनला साधं ब्लूटूथ चालत नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) असलेलं घ्यावं लागतं. एबीएस, एअरबॅगचे दोष बहुधा दिसत नाहीत. आणि १६ नंबरच्या पिनेला गाडी बंद असतानाही करंट असतो, त्यामुळे डोंगल तसाच ठेवून गावाला गेलात तर परतल्यावर धक्का मारायची तयारी ठेवा.

घरात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या असतील आणि मोबाइल जोडायची कटकट नको असेल, तर वायरवाला हातातला स्कॅनर. एबीएस-एअरबॅग वाचतो का, एवढं पाहून घ्या.

कोडिंगची, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधल्या सेटिंग बदलायची हौस मुख्यतः स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांची. रिमोट दाबून धरला की चारही काचा वर, असले उद्योग. त्यासाठीचं व्हीसीडीएस हे सॉफ्टवेअर विंडोज लॅपटॉपवर चालतं, महाग आहे, पण मला तेच भरवशाचं वाटतं; ओबीडीइलेव्हन मोबाइलवर, शिकायला सोपं. मारुती किंवा ह्युंदाई असेल तर व्हीसीडीएस निव्वळ शोभेचं. नव्या फोक्सवॅगन गाड्यांत एसएफडीचं कुलूप असतं: वाचता येतं, पण बऱ्याच ठिकाणी लिहायला कंपनीची परवानगी लागते. जुनं कोडिंग आधी वहीत उतरवा आणि बॅटरी चार्जरला लावूनच बसा.

ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचा प्रोग्रामच बदलणं, या तुलनेत घेतलाच नाही. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयूचा दगड होतो, आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं ते वेगळंच.