चिचेन इत्झाजवळ राहा खुशाल, पण हॉटेलातून तिकीट घेऊ नका

अमेरिकेतली आपली बरीच मंडळी नाताळच्या सुट्टीत मेक्सिकोतल्या कॅनकूनला जातात. अमेरिकेचा व्हिसा चालू असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, त्यामुळे भारतातून आलेल्या आईवडिलांनाही नेता येतं. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. चिचेन इत्झा, म्हणजे माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष, तिथून दोनशेएक किलोमीटर. कॅनकूनच्या बसगाड्या येऊन थडकायच्या आत, सकाळी दार उघडताच आत शिरायचं तर लगतच्या पिस्ते गावात मुक्काम सोयीचा. ते खरंच आहे, खोलीही ठीक होती.

हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस इतका गोड बोलणारा, की विचारू नका. त्याने आपणहून सावध केलं: रस्त्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक गाड्या थांबवून ‘तिकीट इथेच मिळतं’ सांगतात, त्यांचं ऐकू नका. पिरॅमिडवर चढवून देतो म्हणणाऱ्याला तर उभंच करू नका, २००६ पासून चढणं बंद आहे. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या! मग म्हणाला, रांग मोठी असते, आजींना उभं राहवणार नाही, आमच्याकडून पास घ्या. गुडघ्यांचा त्रास त्याने जिना चढतानाच हेरला असणार.

सकाळी दारावर त्या शिक्का मारलेल्या रंगीत कागदाला कुणी विचारेना. तिथे परदेशी पाहुण्याला दोन शुल्कं भरावी लागतात: एक युकातान राज्याचं, दुसरं केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचं, म्हणजे ‘इना’चं. राज्याचं बरंच जास्त. आमचा पास दोन्हींपैकी कशाचाच नव्हता. सगळ्यांचे पैसे पुन्हा भरले, आणि सासूबाई रांगेत उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

परत आलो तर काउंटरवर दुसराच माणूस. ‘त्याची आज सुट्टी, पैसे तोच परत करेल.’ तो काही उगवला नाही.

पण खरी मेख बिलात होती. पासचे पैसे त्याने खोलीच्या भाड्यातच मिसळले होते, सगळी मिळून एकच रक्कम. बँकेकडे दाद मागायची तर कशावर? खोलीत राहिलो होतोच. शिवाय कार्डच्या मशीनवर पेसो (मेक्सिकोचं चलन) की डॉलर असा पर्याय येतो, तेव्हा त्याने स्वतःच डॉलर दाबून मशीन फक्त सहीपुरतं माझ्यापुढे धरलं होतं. मग दर आपल्या बँकेचा लागत नाही, मशीनवाल्यांचा लागतो, आणि तो महाग पडतो. पर्याय स्वतः दाबा, पेसोच निवडा. काउंटरवरचा माणूस नको म्हणाला तर व्यवहार रद्द करायला लावा. भाडं ठरवतानाही सोळा टक्के ‘इवा’ (तिथला मूल्यवर्धित कर) आणि मुक्कामाचा कर धरून आकडा विचारा; करासकट किंमत सांगणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे, तरी आम्हाला कर शेवटी कळला.

खोलीखेरीज हॉटेलात काहीही घेतलंत, तर त्याची पावती वेगळी मागा आणि त्यावर वस्तूचं नाव लिहून घ्या. मेक्सिकोत ग्राहकांच्या तक्रारींसाठी ‘प्रोफेको’ नावाची सरकारी संस्था आहे, पण तिथेही पुरावा लागतोच. आमच्या पावतीवर ‘निवास’ एवढंच छापलेलं आहे.