बंद खोलीतल्या शेतीसाठी तयार सीओटू संच: कुणी घ्यावा, कुणी टाळावा

बंद खोलीत पिकाची वाढ वाढवायला हवेत सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडतात. त्यासाठी ‘ग्रो रूम सीओटू किट’ या नावाने ऑनलाइन जे विकलं जातं त्यात साधारण चार वस्तू येतात: दाबमापक आणि फ्लोमीटर (प्रवाह मोजणारी पट्टी) लावलेला, सिलिंडरचा दाब उतरवणारा रेग्युलेटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप), सेन्सरसह कंट्रोलर आणि बारीक भोकं पाडलेली नळी. सिलिंडर आपला आपण आणायचा. वस्तू एकंदरीत चांगली आहे. पण ती ज्यांना विकली जाते त्यातल्या निम्म्यांनी ती घेऊच नये, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

पॉलिहाऊसवाल्यांनी हा संच घेऊ नये. १० गुंठ्यांचं फॅन-पॅड (पंखे आणि ओल्या पॅडने थंड केलेलं) पॉलिहाऊस धरा. सरासरी उंची ५ मीटर, म्हणजे आत सुमारे ५,००० घनमीटर हवा. भर उन्हात पंखे ती हवा मिनिटाला जवळपास एकदा बदलतात. बाहेरच्या ४२०-४३० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग सीओटू) आत १,००० ठेवायचे तर दर मिनिटाला पाच किलोच्या वर गॅस सोडावा लागेल. ३० किलोचा सिलिंडर सहा मिनिटांत संपला! मावळ-जुन्नरकडच्या उघड्या झडपांच्या पॉलिहाऊसमध्येही वेगळं काही होत नाही. नेदरलँड्सच्या वेस्टलँड भागात पर्निसच्या रिफायनरीतून पाइपलाइनने काचघरांना सीओटू पोचतो, हे उदाहरण विक्रेते हमखास देतात. तिथे थंडीमुळे काचघरं बराच काळ बंद असतात. आपल्याकडे ज्या वेळी ऊन चांगलं असतं, नेमक्या त्याच वेळी झडपा उघडाव्या लागतात.

दुसरे केशरवाले. शीतगृहात ट्रेवर कंद मांडून फुलं घेताना सीओटूचा काडीचाही उपयोग नाही, कारण फूल कंदातल्या साठ्यावर येतं. फुलांनंतर पानं वाढतात आणि पिल्लू कंद पोसले जातात, तेव्हा भरपूर प्रकाश देत असाल तर विचार करा. मायक्रोग्रीन्स आठ-दहा दिवसांत कापता, त्यातले बरेच दिवस ती बियांवरच जगतात. आळिंबीला तर उलट सीओटू बाहेर काढावा लागतो.

राहिले ते लेट्यूस, बेसिल, स्ट्रॉबेरी, काकडी, ढोबळी मिरची असं पीक इन्सुलेटेड पॅनेलच्या बंद खोलीत, स्प्लिट एसी आणि एलईडीखाली घेणारे. संच यांच्यासाठी आहे. अशा खोलीत दिवे लागल्यावर झाडं हवेतला सीओटू झपाट्याने ओढतात आणि पातळी २०० पीपीएमपर्यंतही उतरते. त्यामुळे संच नुसती वाढ वाढवत नाही, आधी उपासमार थांबवतो.

गॅस किती लागेल ते आधी मांडून बघा. खोली ४ × ३ × २.५ मीटर, म्हणजे ३० घनमीटर. इथे १ लिटर गॅसने पातळी सुमारे ३३ पीपीएम वाढते. १,००० गाठायला एकदा १८ लिटर, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम लागतात. फटींतून तासाला अर्धी हवा बदलत असेल तर तासाला १६ ग्रॅम गळती. १२ चौरस मीटर ट्रे मध्यम प्रकाशात तासाला १९ ग्रॅमच्या आसपास घेतील. एकूण ३५ ग्रॅम, १६ तास दिवे चालू असतील तर दिवसाला जवळपास ६०० ग्रॅम. ३० किलोचा सिलिंडर ५० दिवस पुरेल, साडेचार किलोचा आठवडाभर. लहान सिलिंडर घेऊन दर आठवड्याला भरायला पाठवणं कुणालाच परवडत नाही. यातला गळतीचा वाटा बघा. दाराची गास्केट आणि केबलची भोकं सिलिकॉनने बुजवणं हा या सगळ्या खर्चातला सगळ्यात फायद्याचा भाग आहे.

याच आकड्यांवर स्वस्त पर्याय तोलून पाहता येतात. मायसेलियमची (बुरशीच्या तंतूंची) पिशवी टांगा, सहा महिने गॅस मिळेल, अशी जाहिरात असते. पिशवीत दोन किलो कोरडा माल आहे आणि तो सगळा जळाला असं मानलं तरी दिवसाला १६-१७ ग्रॅम गॅस निघेल, तोही रात्री-दिवसा सारखाच. साखर-यीस्टने १ किलो साखरेतून अर्धा किलो गॅस मिळतो, म्हणजे रोज सव्वा किलो साखर. गॅस बर्नर भरपूर देतो (१ किलो एलपीजीमागे ३ किलो), पण सोबत उष्णता आणि दीड किलोहून जास्त वाफही देतो, जी मग एसीनेच काढायची. शिवाय ज्योत नीट जळली नाही तर इथिलीन तयार होतं आणि फुलं गळतात.

आता संचातल्या एकेका भागाकडे.

रेग्युलेटर. आयात संचांवर बहुधा अमेरिकन सीजीए-३२० नट असतो. आपल्याकडच्या बऱ्याच सिलिंडरांना डब्ल्यू २१.८ आटे असतात. दोन्ही दिसायला सारखे, पण बसत नाहीत. जोर लावलात तर आटे जातील. मागवतानाच विचारा किंवा अडॅप्टर घ्या. नायलॉनचा वॉशर दर वेळी नवा घाला, टेफ्लॉन टेपने हे सांधे बंद होत नाहीत. साबणाच्या पाण्याने तपासा. एकेरी टप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये सिलिंडर संपत आल्यावर बाहेरचा दाब वाढतो आणि शेवटचा गॅस भसकन येतो. दोन टप्प्यांचा मिळाला तर थोडे जास्त पैसे घाला. हीटर लावलेला रेग्युलेटर मात्र या प्रवाहाला लागत नाही.

फ्लोमीटरची पट्टी बहुतेकदा एससीएफएच एककात असते: ४ म्हणजे ताशी चार घनफूट, मिनिटाला जेमतेम २ लिटर. तेवढंच ठेवा. काटा १५ वर नेला तर पातळी मिनिटाला २३५ पीपीएमने चढते, आणि सेन्सरला कळायला दोन मिनिटं जातात. तोवर पातळी ठरवलेल्या आकड्याच्या ४००-५०० पीपीएम वर गेलेली असते.

सोलेनॉइड ‘नॉर्मली क्लोज्ड’च हवा, म्हणजे वीज गेली की बंद. तो हाताला गरम लागतो, ते ठीक आहे.

कंट्रोलर हा संचाचा जीव, आणि दोषही इथेच आहे. एनडीआयआर सेन्सरमध्ये (अवरक्त प्रकाशाने सीओटू मोजणाऱ्या) आपोआप बेसलाइन, म्हणजे मोजणीचा पाया, सुधारण्याची सोय असते. काही तासांत किंवा दिवसांत दिसलेली सगळ्यात कमी पातळी म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं तो धरून चालतो. ऑफिसात हे बरोबर आहे. संच चालू असलेल्या आपल्या खोलीत पातळी कधी ६०० च्या खाली येतच नाही. सेन्सर त्या ६०० ला ४०० समजतो, कमी वाचत जातो आणि गॅस वाढत जातो. घेण्याआधी ही सोय बंद करता येते का ते विचारा. येत नसेल तर तो कंट्रोलर घेऊ नका, बाकी कितीही चांगला असो. बंद केल्यावर महिन्यातून एकदा मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर, हाताने कॅलिब्रेट करा. सेन्सर झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर, नळीपासून आणि एसीच्या झोतापासून लांब टांगा. त्याच्यासमोर उभं राहून आकडा वाचू नका. एक माणूस तासाला जवळपास तितकाच सीओटू सोडतो जितका या खोलीला लागतो.

नळी झाडांच्या वर, भोकं खाली. गॅस हवेच्या दीडपट जड आहे, तळाशी साचतो, म्हणून पंखे सतत चालू. पंख्यांचं आणखी एक काम आहे: सीओटू वाढला की पर्णरंध्रं अर्धवट मिटतात, बाष्पोत्सर्जन घटतं, कॅल्शियम कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही आणि लेट्यूसची टोकं करपतात. तापमान दोन-तीन अंशांनी वाढवून चालतं. खतपाणी आहे तसंच ठेवून नुसता गॅस सोडला तर फरक दिसणार नाही. १,२०० च्या वर जाण्यात पैसे जातात, पीक वाढत नाही.

सिलिंडर खोलीच्या बाहेर, सावलीत, साखळीने बांधून. ३१ अंशांच्या वर आत द्रव राहत नाही आणि दाब भराभर चढतो. विदर्भात उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवणं धोक्याचं. दाबमापकावरून किती गॅस उरला ते कळत नाही, कारण द्रव असेपर्यंत काटा तिथेच राहतो. वजनकाट्यावर ठेवा. भरून घेताना सिलिंडर पेसो-मान्य (पेसो म्हणजे स्फोटक आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) आहे का आणि त्यावर कोरलेली जलदाब चाचणीची तारीख उलटली नाही ना, ते बघा. गॅस खाद्य दर्जाचा मागा.

संचात नसलेली पण सक्तीची वस्तू म्हणजे वेगळा अलार्म. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी मर्यादा ५,००० पीपीएम आहे; ४०,००० ला जिवाला धोका. अलार्मचा सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर, कंट्रोलरच्या सेन्सरपासून स्वतंत्र, भोंगा आणि आकडा दाराबाहेर. ५,००० ला सोलेनॉइडची वीज तुटेल आणि एक्झॉस्ट सुरू होईल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून पहिल्याच दिवशी करून घ्या.