आधी 'व्हाइट लाइट' की थेट 'नो अदर'?

गणपतीत बेळगावात शहापूरच्या घरी आरती आटोपली, सगळे प्रसादाला बसले आणि भाचा मात्र आतल्या खोलीत माझ्या रेकॉर्डप्लेअरसमोर मांडी ठोकून बसला. "मामा, तुझ्या त्या जीन क्लार्कची एकच रेकॉर्ड घ्यायची म्हटली तर कुठली? दोन्ही चांगल्या आहेत असलं काही सांगू नको की." बेंगळुरूत नोकरीला आहे, नवा टर्नटेबल घेतलाय, आणि बाहेरून येणारी नवी एलपी अडीच-तीन हजारांच्या घरात जाते. प्रश्न रास्त होता. तोंडात मोदक असल्यामुळे तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता सविस्तर देतो. त्याच्यासारखे अजून कुणी अडलेले असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

मला हा माणूस सापडला तो उलट्या वाटेनं. २००७ साली रॉबर्ट प्लँट आणि ॲलिसन क्रॉस या गायकांचा 'रेझिंग सँड' हा अल्बम आला. कॅम्पातल्या एका मित्रानं सीडी आणून दिली. त्यातल्या दोन गाण्यांपाशी मी पुन्हापुन्हा थांबायचो. एकदा भिंग घेऊन आतली पुस्तिका वाचली, तर दोन्ही गाण्यांपुढे एकच आडनाव: क्लार्क. तेव्हा कळलं, हा तर 'द बर्ड्स' या अमेरिकन रॉक बँडमधला जीन क्लार्क. १९६४ साली लॉस एंजेलिसमध्ये तो बँड उभा राहिला तेव्हापासूनचा गडी, आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांची स्वतःची बरीचशी गाणी यानंच लिहिलेली. त्यांचं १९६६ चं 'एट माइल्स हाय' बँडमधल्याच मॅग्विन आणि क्रॉस्बी यांच्यासोबत याच्याही नावावर आहे. दौऱ्याच्या बसमध्ये ही मंडळी रविशंकर आणि जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची टेप घासून घासून ऐकत होती, त्यातून त्या गाण्याचा पोत आला. आमच्या कॅम्पातली पोरं त्याच सुमारास रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी शोधत खुंटी पिळत असतील. तिकडचे इकडचं ऐकत होते, इकडचे तिकडचं.

त्याच वर्षी क्लार्क बँडमधून बाहेर पडला. कारणं अनेक होती, पण विमानात बसायची भीती हे त्यातलं एक. बर्ड्स हे नाव आणि ही भीती, यावरचे सगळे विनोद करून झालेत, मी नव्यानं करत नाही.

पुढं त्यानं स्वतःच्या नावावर जे काढलं त्यातले दोन अल्बम इथं समोरासमोर ठेवतोय: १९७१ चा 'व्हाइट लाइट' आणि १९७४ चा 'नो अदर'. दोन्ही त्या काळी आपटले. पहिला अमेरिकेच्या खपाच्या यादीत आलाच नाही, दुसरा तिथल्या 'बिलबोर्ड'च्या यादीत १४४ व्या क्रमांकापर्यंत कसाबसा चढला आणि उतरला. म्हणजे खपावरून निवड करायची सोय नाही.

'व्हाइट लाइट'मध्ये नऊ गाणी आहेत. गिटार, माउथ ऑर्गन, मागं हळू चालणारा ताल, मध्येच ऑर्गनचा एखादा सूर, आणि या सगळ्याच्या पुढं एक भारदस्त, थोडा दमलेला आवाज. निर्माता होता जेसी एड डेव्हिस, स्वतः नावाजलेला गिटारवादक. एवढ्या ताकदीचा वादक हाताशी असताना तो गायकाच्या अंगावर कुठंही धावून जात नाही, याचं मला दर वेळी कौतुक वाटतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं आमच्या घरी पहाटे लागायची. तानपुऱ्यांच्या त्या झंकारात शब्द कसा सुटा, लख्ख ऐकू येतो! बाकी दोन्हींत काही साम्य नाही, गळा वेगळा, गाव वेगळं, पण ऐकणाऱ्यानं कान कुठं ठेवायचा हे दोन्हीकडं एकच. शब्दावर.

आणि शब्द आहेत. 'फॉर अ स्पॅनिश गिटार' हे एकच गाणं घ्या. यमकावर यमक, तेही ओळीच्या पोटात दडवलेलं. ओळ संपली म्हणून आपण श्वास घ्यावा तर ती पुढच्या ओळीत शिरलेली असते. माझं इंग्रजी सरकारी शाळेतलं, पहिल्यांदा ऐकताना निम्मंही कळलं नव्हतं, तरी लय धरून ठेवते. 'विथ टुमॉरो' अडीच मिनिटांच्या आत आटोपतं. गेलेल्या माणसाबद्दल इतकं कमी बोलून इतकं सांगणारी भावगीतं आपल्याकडंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. उणं काढायचं तर 'टिअर्स ऑफ रेज' हे बॉब डिलन आणि रिचर्ड मॅन्युएल यांचं गाणं इथं नसतं तरी चाललं असतं. मॅन्युएलच्याच 'द बँड' नावाच्या गटानं १९६८ साली ते असं गायलंय की नंतरच्यांनी त्या वाटेला जाऊ नये. मधलं एखादं गाणं नुसतंच बरं आहे.

गंमत म्हणजे हा अल्बम घरी कुणी विचारला नाही, पण नेदरलँड्समध्ये तिथल्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पुढं १९७३ मध्ये क्लार्कची उरलीसुरली ध्वनिमुद्रणं 'रोडमास्टर' नावानं निघाली तीही फक्त नेदरलँड्समध्येच. पिकतं तिथं विकत नाही, हे आम्हा सीमेवरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. इथला गायक पुण्यात गाजतो तेव्हा कुठं इथल्या सभागृहात त्याला बोलावणं येतं.

आता 'नो अदर'. इथं जरा थांबावं लागेल, कारण घोळ सगळा इथंच आहे.

१९७३ साली बर्ड्सचे मूळचे पाचजण पुन्हा एकत्र आले, एक अल्बम काढला. लोकांना त्यातली क्लार्कची गाणी बरी वाटली, म्हणून असायलम या रेकॉर्ड कंपनीच्या डेव्हिड गेफननं त्याला करार देऊ केला. क्लार्क उत्तर कॅलिफोर्नियात मेंडोसिनोला समुद्राकाठी राहत होता, गाणी तिथं लिहिली. मग थॉमस जेफरसन के हा निर्माता आणि लॉस एंजेलिसमधले एकाहून एक वादक घेऊन बसला: बेसवर ली स्क्लार, ड्रम्सवर रस काँकल, गिटारवर पुन्हा तोच जेसी एड डेव्हिस. मागं गाणाऱ्यांचा ताफा. खर्च एक लाख डॉलरच्या वर गेल्याचं सांगतात, आणि हातात आली गाणी आठ. गेफन भडकला. कंपनीनं जाहिरातीला हात आखडता घेतला. त्यात मलपृष्ठावर क्लार्क चेहऱ्याला रंग लावून, १९२० च्या दशकातल्या थाटाचे झुळझुळीत कपडे घालून उभा. मिसुरीतल्या खेड्यातला, तेरा भावंडांतला हा गडी एरवी जीन्समध्ये दिसायचा. लोकांना कळेना हे काय. १९७६ पर्यंत ही रेकॉर्ड कंपनीच्या यादीतूनच गेली.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही कळलं नाही, हे कबूल करतो. 'व्हाइट लाइट'चा माणूस शोधत होतो आणि समोर गर्दी. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत डोंगर चढताना लांबून नुसता कल्ला ऐकू येतो. आत शिरलं, जरा स्थिरावलं की मग चौंडकं वेगळं, झांज वेगळी, जोगतिणीचा सूर वेगळा, 'उदो उदो'चा गजर वेगळा, असं एकेक सुटं होत जातं. 'नो अदर' तसा आहे. 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज'मध्ये शब्द यायला वेळ लागतो, आधी नुसते आवाज एकावर एक चढत जातात, मग क्लार्क गातो, तेही संगीत माणसाचं काय करतं याबद्दल. 'सिल्व्हर रेव्हन'मध्ये साध्या गिटारवर सुरू होऊन आवाज शेवटी अशा उंचीवर जातो की हा तोच भारदस्त गळा का, असं वाटावं. शीर्षकगीत तर थेट नाचाच्या ठेक्यावर. आणि 'सम मिसअंडरस्टँडिंग'! आठ मिनिटं, विलंबित, घाई नाही कशाची. ख्यालाची सवय असलेल्या कानाला ही लांबी जड जात नाही. इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या माझ्या मित्राला जाते, तो उठून चहा टाकायला जातो.

दोष इथंही आहेत. पहिल्याच गाण्यात मागच्या गायिका गरजेपेक्षा जास्त जोर लावतात. 'द ट्रू वन' चुकून दुसऱ्या अल्बममधून इथं आल्यासारखं वाटतं. शब्दांच्या बाबतीत तर मी सरळ 'व्हाइट लाइट'च्या बाजूनं. तिथं माणूस बोलतो, इथं बऱ्याचदा साधू बोलतो. अर्थ लागतोय लागतोय म्हणता निसटतो.

मग निवड कशी करायची? बहुतेक जाणकार 'नो अदर'पासून सुरू करा म्हणतात, कारण त्याच्याभोवती कहाणी आहे: बुडालेला अल्बम, १९९१ साली सेहेचाळिसाव्या वर्षी गेलेला गायक, टिप्टन गावातल्या त्याच्या थडग्यावर कोरलेले 'नो अदर' हे दोन शब्द. कहाणीनं माझेही डोळे पाणावतात. पण कहाणी ऐकून रेकॉर्ड घेणारा पहिल्या दोन गाण्यांनंतर ती कपाटात ठेवतो, हे मी दोघांच्या बाबतीत पाहिलंय. एक तर माझा सख्खा मेव्हणा.

माझा हिशेब वेगळा आहे. कुठली श्रेष्ठ हे बाजूला ठेवा, कुठली कशावर ऐकणार ते आधी ठरवा.

'व्हाइट लाइट' मोबाइलवर, बसमध्ये, स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर, कुठंही टिकतो. आवाज आणि गिटार, दोन्ही मधल्या पट्टीत, त्यामुळे बारक्या स्पीकरमधूनही मुद्दल शाबूत राहतं. 'नो अदर' मोबाइलच्या स्पीकरवर लावाल तर स्क्लारचा बेस गायब, तालवाद्यांचा खडखडाट आणि गायिकांचा कालवा तेवढा उरतो. तो नीट हेडफोनवर ऐकायचा, किंवा दोन बरे स्पीकर एकमेकांपासून लांब मांडून, त्यांच्यासमोर मधोमध बसून. आमच्याकडं जुलैत पाऊस कोसळायला लागला की संध्याकाळी खिडक्या बंद करून बसण्याखेरीज दुसरं काम नसतं. तो काळ याचा.

म्हणून माझं म्हणणं असं: ऐकायला सुरुवात 'व्हाइट लाइट'पासून करा, तीही मोबाइलवर, आठवडाभर. माणसाशी ओळख झाली की मग पैसे खर्चून 'नो अदर'ची एलपी घ्या. उलट केलंत तर साधा अल्बम घेऊन महागडं यंत्र वाया आणि अवघड अल्बम मोबाइलवर ऐकून कानही वाया.

अपवाद आहेत. तुमच्या घरी अजून टर्नटेबल नसेल तर एलपीचा विचारच नको, चांगला हेडफोन घ्या, दोन्ही अल्बम त्यावर निघतात. तुम्ही मुळात कविता वाचणारे असाल आणि वाद्यमेळात रस नसेल, तर 'व्हाइट लाइट'वर थांबलात तरी बिघडत नाही. आणि ज्यांना सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमातल्या भरगच्च वाद्यमेळाची चटक आहे त्यांनी माझं न ऐकता सरळ 'नो अदर'वर उडी मारावी.

'नो अदर' घेताना आवृत्ती बघून घ्या. २०१९ साली लंडनच्या फोर-ए-डी (4AD) कंपनीनं मूळ टेपांवरून नव्यानं काढलेली आहे, तीच पाहा. या कंपनीचं आणि क्लार्कचं नातं जुनं. त्यांच्या 'धिस मॉर्टल कॉइल' या मंडळीनं १९८६ मध्ये 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज' आणि १९९१ मध्ये 'विथ टुमॉरो' गायलं होतं. म्हणजे त्यांनी दोन्ही अल्बमांतून एकेक उचललं. आणखी एक, ऑनलाइन मागवाल तर उन्हाळ्यात मागवू नका. माझी पहिली प्रत एप्रिलमध्ये आली, कुठल्या तरी गोदामात तापून आलेली. तबकडी ताटात पापड हलावा तशी हलायची, सुई दर फेऱ्याला डोंगर चढून उतरायची. विक्रेत्याशी तीन आठवडे पत्रव्यवहार केला तेव्हा कुठं दुसरी मिळाली. खोकं आलं की पोस्टमन किंवा डिलिव्हरीवाला दारात असतानाच उघडा, आणि रेकॉर्ड डोळ्यासमोर आडवी धरून कड बघा.

यातलं थोडं मी भाच्याला फोनवर आधीच सांगितलं होतं. दसऱ्याला रात्रीच्या बसनं आला. स्टँडवर घ्यायला गेलो तर कानात वायर, डोळे तांबारलेले.

"काय ऐकायलायस रे?"

"व्हाइट लाइट. हुबळी सोडल्यापासून तिसऱ्यांदा." मग रिक्षात बसता बसता म्हणाला, "मामा, मला याचीच एलपी पाहिजे. ती दुसरी तुझ्याकडं हाय की."

एवढं सगळं समजावलेलं पाण्यात. पण माझ्याकडं 'व्हाइट लाइट' एलपीवर नाही, नुसती सीडी आहे. म्हटलं, घे बाबा. दिवाळीला येताना घेऊन ये.