नवशिक्याचा पहिला वाडगा: ओलं लाकूड की सुकं?

लेथवर (लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर) वाडगे कोरायला क्लबात शिकवताना आमचं मत ओल्या, म्हणजे नुकत्याच तोडलेल्या लाकडाकडे झुकतं. आंब्याच्या ताज्या लाकडात गाऊज (खोलगट पात्याची छिन्नी) सहज चालतो, लांब साल निघते, धूळ जवळजवळ नाहीच. मात्र वाळताना वाडगा लंबगोल होतो. म्हणून आधी भिंत जाड ठेवायची, 250 मिमी व्यासाला साधारण 25 मिमी, आणि सगळीकडे सारखी. कुठे जाड, कुठे पातळ राहिली की तडा गेलाच. बाहेरून मेण लावून काही महिने सावलीत ठेवायचा, मग पुन्हा लेथवर घेऊन गोल करायचा. चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायची बुडाची खुंटीही तोवर वाकडी झालेली असते, ती आधी गोल करावी.

सुकं सागवान आकार धरतं, त्याच दिवशी पॉलिश होतं. पण त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते आणि बारीक धुळीसाठी मास्क लागतोच. झाकणाच्या डबीला मात्र सुकंच हवं, तिथे वाद नाही.