दहा पाकिटं, तीन इंटरव्हल: झेड, टी की बूटस्ट्रॅप?

५०० ग्रॅमच्या पाकिटांचा मोठा लॉट आहे आणि त्याचं सरासरी वजन किती, हे अंदाजायचं आहे. उत्तर एका आकड्यात नाही, इंटरव्हलमध्ये द्यायचं: खरी सरासरी जिच्यात असावी अशी आकड्यांची पट्टी. ९५ टक्क्यांचा इंटरव्हल म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा तिला पकडणारी पद्धत. समजा, लॉटमधून चिठ्ठ्या टाकून उचललेल्या दहा पाकिटांची वजनं अशी आली: ४९८, ५०३, ४९७, ५०१, ४९५, ४९९, ५०४, ४९६, ५००, ४९७. सरासरी ४९९. सरासरीपासूनच्या प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज ८०. तिला १०ने नव्हे, ९ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. प्रमाण विचलन, म्हणजे वजनं किती विखुरली आहेत याचं माप, आलं २.९८. त्याला १०च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी किती चुकू शकते याचं माप, ०.९४३. तिला एका गुणकाने गुणून येणारा आकडा सरासरीत मिळवला आणि वजा केला की इंटरव्हल तयार. ९५ टक्क्यांच्या इंटरव्हलसाठी आता फक्त गुणक ठरवायचा, आणि खरा घोळ तिथेच होतो.

झेडचा गुणक १.९६. इंटरव्हल ४९७.१५ ते ५००.८५.
टीचा गुणक, स्वातंत्र्य मात्रा ९ (पाकिटं १० वजा १) असताना, २.२६२. इंटरव्हल ४९६.८७ ते ५०१.१३.

झेडचा इंटरव्हल अरुंद आहे म्हणून तो अचूक, असं वाटतं. पण तो फुकटचा अरुंद आहे. १.९६ हा गुणक समष्टीचं, म्हणजे अख्ख्या लॉटचं, प्रमाण विचलन आधीच माहीत असेल तरच लागू होतो. इथे तेही याच दहा पाकिटांवरून काढलंय, आणि त्या अंदाजातली चूक झेड हिशोबात धरतच नाही. परिणामी वजनं प्रसामान्य वितरणाची (घंटेच्या आकारात सरासरीभोवती पसरलेली) असली, तरी ‘९५ टक्के’ म्हणवणारा हा इंटरव्हल प्रत्यक्षात सुमारे ९१.८ टक्के वेळाच खऱ्या सरासरीला पकडतो; नमुना पाचचा असेल तर ८७.८. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने १९०८मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने नेमका हाच प्रश्न सोडवला. नमुना १००चा झाला की टीचा गुणक १.९८४वर येतो आणि वाद उरत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा टी घ्या; मोठ्या नमुन्यातही त्याने काही बिघडत नाही.

एक्सेलमध्ये टीचा गुणक काढायला टी.इन्व्ह.२टी (T.INV.2T) हे फंक्शन वापरा. नुसत्या टी.इन्व्हला ०.०५ दिलं तर उणे १.८३३ मिळतं, आणि चिन्ह पुसून तोच आकडा वापरला की ९० टक्क्यांचा इंटरव्हल ९५च्या नावाने खपतो.

बूटस्ट्रॅप (एफ्रन, १९७९) म्हणजे याच दहा वजनांतून परत-परत, उचललेलं परत ठेवत, दहा-दहा काढायची, प्रत्येक वेळी सरासरी घ्यायची आणि हजारो सरासऱ्यांचे २.५ व ९७.५ टक्क्यांवरचे आकडे उचलायचे. वितरण एका बाजूला कललेलं असेल आणि नमुना मोठा असेल, तर उपयोगी. दहा पाकिटांवर मात्र नको: साधा पर्सेंटाइल इंटरव्हल इथे टीपेक्षा साधारण १८ टक्के अरुंद येतो, कारण त्यात ९ऐवजी १०ने भागल्यासारखं होतं आणि टीचा जादा गुणकही नसतो.

टाइप करताना ५०४चं ५४० झालं तर? टीचा इंटरव्हल ४९३.०४ ते ५१२.१६ होतो. एका आकड्याने रुंदी साडेचारपट! त्यामुळे सूत्राआधी आकडे डोळ्यांखालून घाला. आणि मशीनमधून लागोपाठ पडलेली दहा पाकिटं उचलली असतील, तर कुठलीच पद्धत वाचवत नाही. त्यांची वजनं एकमेकांसारखी असतात आणि इंटरव्हल खोटा अरुंद येतो.

‘९५ टक्के पाकिटं या इंटरव्हलमध्ये’ असंही वाचू नका. वरच्या दहांतली चार टीच्या इंटरव्हलबाहेर आहेत. तो सरासरीचा आहे, पाकिटांचा नाही.

दोन मशीनची तुलना करताना लोक दोन इंटरव्हल एकमेकांत शिरतात का ते पाहतात आणि शिरले की ‘फरक नाही’ म्हणून मोकळे होतात. दुसऱ्या मशीनची सरासरी ५०२, बाकी सगळं तेच, असं धरा. तिचा इंटरव्हल ४९९.८७ ते ५०४.१३, म्हणजे पहिल्यात शिरतोच. पण फरकाचा स्वतंत्र इंटरव्हल काढा: प्रमाण त्रुटी १.३३३, स्वातंत्र्य मात्रा १८ (९ अधिक ९), गुणक २.१०१, उत्तर ०.२० ते ५.८० ग्रॅम. शून्य त्यात नाही, म्हणजे फरक आहे. तीच पाकिटं दोन काट्यांवर तोलली असतील तर हेही चालणार नाही. आधी प्रत्येक पाकिटाचा फरक काढून त्या दहा फरकांवर एकच टी इंटरव्हल लावायचा.